मराठी यंत्राच्या आतच हवी

संगणकाकडून तुम्हाला काय हवं, असं १९९०च्या दशकात कुणी विचारलं असतं, तर मी एका दमात सांगितलं असतं: जास्त मेमरी, मोठा मॉनिटर, भराभर पानं काढणारा लेझर प्रिंटर आणि ऐन कामात मान न टाकणारं विंडोज. मराठीचं नावही त्यात आलं नसतं. मराठी माझ्याजवळ होतीच. विकत घेतलेल्या फाँटांच्या पॅकेजमध्ये ती होती, पेजमेकर या पानं मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये उमटत होती, बटर पेपरवर निघून छापखान्यात जात होती. ऑपरेटिंग सिस्टिमलाच मराठी आली पाहिजे, ही मागणी मला अनाठायी वाटायची. यंत्रानं यंत्राचं काम करावं, मराठीचं आम्ही बघून घेऊ, असं माझं मत होतं आणि चारचौघांत मी ते ठासून मांडत असे.

आज माझं मत नेमकं उलट आहे. संगणकात आणखी काय सुधारणा हवी, असं आज विचारलं तर वेग, मेमरी, स्क्रीन या गोष्टी माझ्या यादीत खाली येतील. सगळ्यांत वर येईल ती एकच गोष्ट: मराठी यंत्राच्या आत असली पाहिजे, पूर्णपणे आणि कुठलंही वेगळं पॅकेज न घालता. मी पुण्यात अक्षरजुळणीचं काम करते. माझं अख्खं कामकाजाचं आयुष्य मराठी अक्षरं पानावर मांडण्यात गेलं आहे. त्यामुळे हे मतांतर माझ्यासाठी लहान नाही. ते का झालं, हे नीट सांगावंसं वाटतं.

आधीचं मत कशावर उभं होतं ते प्रथम सांगते, कारण त्यातलं बरंचसं मला आजही खरं वाटतं.

आम्ही अक्षरजुळणी करणारे खिळ्यांच्या छपाईचे वारसदार होतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं देवनागरी खिळ्याला जी वळणं दिली, ती पाहून आमच्या आधीच्या पिढीचे डोळे घडले होते. द्ध, द्व, ह्म, क्त ही जोडाक्षरं कशी बसली पाहिजेत, वेलांटीची कमान किती पुढे यावी, रफार कुठे टेकावा, याबद्दल आमचे आग्रह होते. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या पॅकेजांनी ते आग्रह बऱ्याच अंशी सांभाळले. पुस्तकासाठी वेगळं वळण, जाहिरातीसाठी वेगळं, लग्नपत्रिकेसाठी वेगळं अशी निवड त्यांत होती.

त्या मानानं ऑपरेटिंग सिस्टिमनं दिलेली मराठी फार तोकडी होती. विंडोज २०००मध्ये देवनागरी पहिल्यांदा मुळातूनच आली, सोबत ‘मंगल’ हा एकच फाँट आला. तो र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरकाराच्या हातचा होता, पण स्क्रीनवर वाचण्यासाठी घडवलेला होता. कादंबरीचा मजकूर त्यात लावावा असं कुणाला वाटलं नसतं. विंडोज एक्सपीत तर देवनागरी आपोआप चालूही नसे. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग यंत्र सीडी मागणार, ती घातल्यावर मराठी नीट दिसणार. आणि एवढं करूनही पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं जागतिक मानक, कळत नव्हतं ते नव्हतंच. त्याच्यानंतर आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जोडाक्षरं नीट बसायला सीएस६ ही आवृत्ती, म्हणजे २०१२ साल उजाडावं लागलं. तोवर ज्याला पुस्तक छापायचं होतं, त्याला युनिकोडचा उपयोग फारसा नव्हता. दोन्ही बाजू तोलून पाहिल्या तर आमचं पारडं जड होतं.

मग काय बदललं? कुणी व्याख्यान देऊन माझं मत बदललं नाही. मी ज्या सुधारणा मागत होते त्या एकामागून एक मिळत गेल्या आणि त्यांनीच ते बदललं.

यंत्रं वेगवान झाली. ६४ बिटांची विंडोज आली. मेमरी इतकी वाढली की मोठमोठी पुस्तकं सहज उघडू लागली. मात्र ६४ बिटांच्या विंडोजवर जुने १६ बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत. आमच्या क्षेत्रातली बरीच जुनी पॅकेजं त्या काळातली होती. शिवाय त्यांना हार्डवेअर लॉक असे. प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला एक लहानसा डोंगल लावायचा. तो असेल तरच पॅकेज उघडणार. नव्या संगणकांवरून पॅरलल पोर्टच गेला. फ्लॉपी गेली, मग सीडीचा ड्राइव्हही गेला. माझ्या यादीतली प्रत्येक इच्छा पुरी होत होती आणि प्रत्येक इच्छेबरोबर माझी मराठी मागे राहत होती.

एका प्रकाशकानं जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची ठरवली, तेव्हा हे मला लख्ख दिसलं. पुस्तक मीच लावलेलं होतं, फाइल जपून ठेवलेली होती आणि ती उघडतही होती. पण पानावर मराठी नव्हती. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उच्चारचिन्हं यांच्या ओळीच्या ओळी होत्या. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. आत होते ते नुसते क्रमांक, आणि कुठल्या क्रमांकाला कुठला आकार दाखवायचा ते फक्त त्या एका कंपनीच्या फाँटाला माहीत होतं. आठ बिटांच्या फाँटात २५६च घरं असतात; मूळ अक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं हे सगळं त्यांत बसवायचं. प्रत्येक कंपनीनं ते आपापल्या सोयीनं बसवलं होतं. एकीचा ‘क’ दुसरीचा ‘ज्ञ’ असू शकत होता. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सबंध पुस्तक पुन्हा टाइप करावं लागलं.

तरीही मनात म्हणत होते, की जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे चांगले कन्व्हर्टर झाले म्हणजे हा प्रश्न सुटेल. माझं मत पुरतं बदललं ते एका अंध विद्यार्थिनीमुळे. मी लावलेलं एक पुस्तक तिला अभ्यासासाठी हवं होतं. लेखकांची ना नव्हती, मी फाइल पाठवून दिली. ती एनव्हीडीए वापरत होती. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा हा मोफत प्रोग्रॅम ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ साली सुरू केला आणि जेम्स टेह या दुसऱ्या अंध तरुणासोबत पुढे वाढवला. त्याच्या जोडीला असलेल्या ई-स्पीक या आवाजाला मराठीही येते. पण माझ्या फाइलमध्ये वाचण्याजोगी मराठी होती कुठे? तिच्या कानावर पडली ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक गर्दी. तिनं मला फोन केला आणि अगदी शांतपणे विचारलं, “ताई, ही फाइल मराठीत आहे ना?”

ज्याला दिसतं त्याच्यासाठी ते पुस्तक सुंदर मराठीत होतं. यंत्रासाठी ते कुठल्याच भाषेत नव्हतं. आणि यंत्राच्या मदतीनं जो वाचतो, शोधतो, भाषांतर करतो, सूची करतो, त्याच्यासाठीही ते कुठल्याच भाषेत नव्हतं. मी इतकी वर्षं अक्षरांचे आकार सांभाळत होते. अक्षरं सांभाळणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती ऑपरेटिंग सिस्टिमच करू शकते, कारण छपाई, शोध, वाचून दाखवणं, क्रम लावणं या साऱ्यांना जोडणारी ती एकच जागा आहे. तेव्हापासून माझं म्हणणं असं आहे, की जे यंत्राच्या आत असतं ते यंत्राच्या सुधारणेबरोबर पुढे जातं, आणि जे बाहेरून चिकटवलेलं असतं ते प्रत्येक सुधारणेबरोबर गळून पडण्याच्या बेतात असतं.

हे कळल्यावर मागचा इतिहास मला वेगळा दिसू लागला. अक्षराचा आकार नव्हे, अक्षर स्वतः साठवायचं, ही कल्पना परदेशातून आपल्याकडे आलेली नाही. आयआयटी कानपूरमध्ये ती १९८०च्या दशकात आकाराला आली. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली आणि ‘जिस्ट’ नावानं ते काम तिथे आलं. तेव्हाच्या संगणकाला मराठी दाखवण्याची ताकदच नव्हती, म्हणून जिस्ट हे एक कार्ड होतं: यंत्र उघडून आतल्या खाचेत बसवायचं, मग डॉसवरचे प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागायचे. पाठोपाठ १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ‘इस्की’ हे मानक जाहीर केलं. त्यात ‘क’ म्हणजे ‘क’च, मग फाँट कुठलाही असो. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या रूपावर बेतलेली आहे. हे सगळं माझ्या शहरात घडत होतं. मला तेव्हा ती सरकारी कचेऱ्यांची सोय वाटायची, पुस्तकवाल्यांनी लक्ष द्यावं असं काही वाटायचं नाही.

इनस्क्रिप्ट की-बोर्डचंही तसंच. टाइपरायटरवर तयार झालेल्या बोटांना तो परका वाटतो. पण त्यातली शिस्त पाहा: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. स्वर आणि त्याची मात्रा एकाच कळीवर. आणि हीच मांडणी मराठीला, कन्नडला, बंगालीला, तमिळला, सगळ्यांना. आता मी नव्या मुलींना इनस्क्रिप्टच शिकवते, कारण तो कुठल्याही पॅकेजाशी बांधलेला नाही. विंडोज, लिनक्स, मॅक, जिथे जाल तिथे तो हजर असतो.

आणखी एका बाबतीत माझा समज बदलला. परदेशी कंपन्या आपलं कशाला ऐकतील, असं मी पूर्वी म्हणत असे. पण मराठीच्या मागण्या पुऱ्या झालेल्या मी स्वतः पाहिल्या. मागणी नेमक्या शब्दांत, नेमक्या दारात मांडली गेली तेव्हा त्या झाल्या.

‘दऱ्याखोऱ्या’तला अर्धा र घ्या. हिंदीला त्याची गरज नाही, मराठीचं त्याच्यावाचून चालत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्ही एकाच रीतीनं दिसले तर चालणार नाही. यासाठी युनिकोडच्या मानकात स्वतंत्र नियम आहे: नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून ‘J’ची कळ दाबली की तो ऱ येतो. नियम मानकात आहे म्हणून तो माझ्या संगणकावर आणि शाळकरी मुलाच्या मोबाइलवर सारखाच चालतो.

‘ॲ’ला जास्त वाट पाहावी लागली. हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८मध्ये दाखल झालं. तोवर लोक ‘अ’वर चंद्र ठेवून भागवत किंवा हिंदीतला ‘ऍ’ वापरत, आणि काही ठिकाणी चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटे. उलट रुपयाच्या चिन्हाची गोष्ट बघा. उदयकुमार यांचा आराखडा केंद्र सरकारनं १५ जुलै २०१० रोजी मंजूर केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ₹ युनिकोडमध्ये होतं. पुढे विंडोजमध्ये त्याची सोय झाली आणि भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी लॅपटॉपांच्या चारच्या कळीवर ते छापलेलंही दिसतं. एका चिन्हामागे सरकार ठाम उभं राहिलं तर मानक, सॉफ्टवेअर आणि कळफलक तिन्ही बदलतात.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणांचंही काम झालं आहे. महाराष्ट्र शासनानं २००९मध्ये वर्णमालेबद्दलचा निर्णय काढून ही वळणं निश्चित केली. ओपनटाइप फाँटात तर अशी सोय आहे, की मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तर अक्षर तेच राहून आकार मराठी दिसतो. मुंबईच्या एकटाइपचा ‘मुक्ता’, रेड हॅटनं खुला केलेला ‘लोहित’ असे खुले फाँट आता कुणालाही मोफत घेता येतात. आकारांवरून माझी जी मुख्य तक्रार होती, तिला उत्तर मिळालं ते असं. सुंदर अक्षर आणि यंत्राला कळणारं अक्षर यांत निवड करण्याची आता गरज उरलेली नाही.

म्हणजे सगळं साधलं का? नाही. माझी आजची यादी लांबच आहे, फक्त ती वेगळी आहे.

पहिली मागणी कळफलकाची. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपच्या कळांवर इंग्रजी अक्षरांशेजारी देवनागरी अक्षरं कोरलेली हवीत. आपल्याकडे आजही मराठी टाइप करायला मनात नकाशा पाठ असावा लागतो किंवा कळांना स्टिकर लावावे लागतात. इंग्रजी लिपीत लिहून मराठी उमटवण्याची सोय विंडोज १०मध्ये २०१९ साली आली, ती उपयोगीच आहे. पण मराठी लिहायला मराठी मुलानं आधी इंग्रजी स्पेलिंगचा विचार करावा, हे कायमचं उत्तर होऊ शकत नाही. मोबाइलवर भारतीय भाषा वाचण्या-लिहिण्याची सोय असलीच पाहिजे, असा आदेश केंद्र सरकारनं २०१६मध्ये काढला होता. लॅपटॉपच्या कळांनाही असाच नियम लावायला काय हरकत आहे?

दुसरी मागणी पीडीएफची. देवनागरी पीडीएफमधून परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवून पाहा. वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरं फुटतात, काही अक्षरं नाहीशी होतात. पीडीएफ आकार जपते, त्यामागचं अक्षर प्रत्येक वेळी जपत नाही. आमचे शासननिर्णय, पाठ्यपुस्तकं, नियतकालिकं सगळी पीडीएफमध्येच आहेत. त्या अंध मुलीच्या फोनमधला प्रश्न इथे आजही तसाच उभा आहे. मराठी मजकुराची पीडीएफ मुळातच वाचता येईल अशी निघावी, हे ऑपरेटिंग सिस्टिम, फाँट आणि पीडीएफ काढणारे प्रोग्रॅम या तिघांनी मिळून करायचं काम आहे.

तिसरी शोधाची आणि क्रमाची. ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला आणि एकसंध लिहिलेला ‘ॲ’ डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. पुस्तकामागची सूची अकारविल्हे लावताना आणखी एक अडचण येते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’च्या पाठोपाठ आहे. प्रोग्रॅमनं नुसत्या क्रमांकांवर भिस्त ठेवली तर सूची चुकते. प्रत्येक भाषेचे क्रम, तारखा, अंक नोंदवून ठेवणारं युनिकोडचं सामायिक भांडार आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्याचा आधार घ्यावा, हा माझा आग्रह आहे.

आणि चौथी, आपल्या सर्वांसाठी: जुन्या फाँटांत अडकलेल्या मराठीची सुटका. १९९०पासून पुढची दोन-अडीच दशकं मराठीत जे छापलं गेलं, त्यातलं खूप काही अशाच फाइलींत आहे. अजून डोंगल चालतात, अजून ती पॅकेजं ओळखणारी माणसं आहेत. प्रत्येक फाँटाचा तक्ता उघड व्हावा, कन्व्हर्टर मोफत असावेत आणि बदललेल्या मजकुराचं मुद्रितशोधन करायला पैसा उभा राहावा. मोल्सवर्थच्या १८५७च्या शब्दकोशातला शब्द आज शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात क्षणात शोधता येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या मराठी कादंबरीत तसा शोध घेता येत नाही, हे मला सहन होत नाही.

माझ्या काही सहव्यावसायिकांना हे मतांतर पटत नाही. त्यांचं म्हणणं असं, की गिऱ्हाईकाला छापलेलं पान हवं असतं, आत काय आहे ते कोण बघतो. त्यांच्या व्यवसायाची गणितं मला ठाऊक आहेत, जुन्या पॅकेजावरचा त्यांचा हात किती वेगानं चालतो तेही ठाऊक आहे. त्यांना मी एवढंच सांगते, की पुस्तक छापून झाल्यावरही त्याचं आयुष्य पुढे चालू राहतं: ई-पुस्तक, ऐकण्याचं पुस्तक, नवी आवृत्ती, अभ्यासकाचा शोध. या प्रत्येक टप्प्यावर यंत्राला मराठी कळावी लागते. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा त्यात लिहिणाऱ्यांनी सीडी घालून, सेटिंग बदलून, अपुऱ्या फाँटांशी झगडत युनिकोडमध्येच लिहिलं. त्यांचं तेव्हाचं लेखन आजच्या कुठल्याही मोबाइलवर जसंच्या तसं वाचता येतं. त्याच वर्षीच्या माझ्या फाइलींबद्दल मला असं म्हणता येत नाही.

म्हणून आता मी कामाची एक अट ठेवली आहे. माझ्याकडे आलेलं प्रत्येक पुस्तक युनिकोडमध्येच लावते, आणि छपाईची पीडीएफ दिल्यावर शुद्ध मजकुराची वेगळी फाइल लेखकाच्या हाती देते. लेखकांनीही प्रकाशकाशी करार करताना ती फाइल मागून घ्यावी, करारात तसं कलम घालावं. नवा संगणक घेताना दुकानदाराला मेमरी किती, डिस्क किती हे जरूर विचारा. पण देवनागरी कळफलक आहे का, हेही विचारा, आणि नसेल तर का नाही ते कंपनीला लेखी कळवा. मराठीच्या मागण्या पुऱ्या होतात. मात्र त्या आपण आधी मागितल्या पाहिजेत.